परदेशात असायलम मागितलं तर ट्रिब्युनल नेमकं काय तपासतं: बेळगाव भागातल्या घरच्यांसाठी

गेल्या वर्षी खानापूर तालुक्यातल्या एका काकूंनी मोबाईल माझ्यापुढं धरला. मुलगा आणि सून परदेशात, तिथं त्यांनी असायलमचा म्हणजे आश्रयाचा अर्ज केलेला, आणि मुलाच्या मुलाखतीची टाईप केलेली इंग्रजी पानं व्हॉट्सॲपवर आलेली. मी बेळगावात कोर्टाच्या बाजूला बसून कन्नड-मराठी कागदांचं इंग्रजी करून देतो, त्यामुळं असली पानं अधूनमधून माझ्याकडं येतात. एका ओळीवर मी अडकलो. लिहिलं होतं की लग्नानंतर गावच्या पंचांनी देवळासमोर बोलावून त्याला शिक्षण दिलं. दोनदा वाचलं तरी काही कळेना. विचारलं, "काकू, पंचांनी नेमकं काय केलं होतं?"

"शिक्षा दिली की हो, सगळ्यांच्या म्होरं पट्ट्यानं मारलं."

दुभाषा हिंदीचा होता. मराठीत शिक्षा म्हणजे दंड, मार, आणि हिंदीत शिक्षा म्हणजे शाळा-शिक्षण. पोरानं अर्जात लिहिलेलं की मारलं, मुलाखतीत आलं की शिकवलं, आणि नकाराच्या पत्रात अधिकाऱ्यानं बरोबर तेवढंच धरलेलं, की हा माणूस दोन ठिकाणी दोन गोष्टी सांगतोय.

त्या एका शब्दापायी मी हा विषय मुळापासून वाचायला घेतला, निकाल वाचले, ओळखीच्या वकिलांना विचारत राहिलो. मी स्वतः वकील नाही, आणि ज्याची केस आहे त्यानं त्या देशातला असायलमचं काम करणारा वकील गाठलाच पाहिजे. पण वकिलाकडं माहिती जाते ती इथनंच, आपल्या घरातनं, गावातनं, स्टेशनातनं, आणि ती कशी गोळा करायची, कशी सांगायची हे आपल्या माणसांना कुणी सांगत नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ट्रिब्युनल, म्हणजे असल्या अर्जांचं अपील ऐकणारं न्यायमंडळ, तुमच्यावर झालेल्या अन्यायाची भरपाई द्यायला बसलेलं नसतं. त्याच्यापुढचा प्रश्न पुढचा असतो, की हा माणूस उद्या परत गेला तर त्याचं काय होईल. मागं झालेली मारहाण, धमकी, पोलिसात दिलेली तक्रार हे सगळं त्या उद्याच्या प्रश्नाचा पुरावा म्हणून बघितलं जातं. आपली माणसं तासभर रडून मागचं सांगतात आणि "आज परत गेलात तर कोण काय करेल, आणि त्याला अजून तुमच्यात रस का असेल" असं विचारलं की गप्प होतात. केस बऱ्याचदा तिथंच बुडते.

आता हे सगळं येतं कुठनं, तर १९५१ च्या निर्वासितांच्या आंतरराष्ट्रीय करारातनं, आणि १९६७ च्या प्रोटोकॉलनं तो सगळ्या जगाला आणि पुढच्या सगळ्या काळाला लागू केला. भारतानं दोन्हीवर सही केलेली नाही, आपल्याकडं आश्रयाचा वेगळा कायदाच नाही, म्हणून ही ट्रिब्युनलं कशी चालतात ते आपल्याला इथं बघायला मिळत नाही. हुबळीच्या पुढं मुंडगोडला तिबेटी लोकांची वसाहत आहे, १९६६ पासूनची, आपल्यातले कित्येक जण तिथली गोंपा बघून आलेत. त्यांना सरकारनं धोरण म्हणून एकगठ्ठा जागा दिली, एकेकाला बसवून "तुला भीती कसली" असं विचारलं नाही. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका इथं मात्र एकेका माणसाची वेगळी तपासणी होते. आधी सरकारी अधिकारी मुलाखत घेतो, आणि नकार आला की अपील ऐकायला ट्रिब्युनल असतं. ब्रिटनमध्ये त्याला फर्स्ट टिअर ट्रिब्युनल म्हणतात, ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४ पासून ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनल. कॅनडात पहिला निर्णयच इमिग्रेशन ॲण्ड रेफ्युजी बोर्ड देतं.

करारातली व्याख्या सोप्या मराठीत सांगायची तर अशी, की माणूस आपल्या देशाबाहेर आहे, परत गेलो तर छळ होईल अशी त्याला साधार भीती आहे, तो छळ वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा एखाद्या विशिष्ट सामाजिक गटात असणं या पाचपैकी कुठल्यातरी कारणानं होणार आहे, आणि स्वतःच्या देशाचं संरक्षण त्याला मिळू शकत नाही किंवा त्या भीतीमुळं तो ते घ्यायला तयार नाही. यातला एकेक तुकडा ट्रिब्युनल वेगवेगळा तपासतं.

'छळ' शब्दापाशी जरा थांबा. आपण सासूनं टोमणे मारले तरी छळ म्हणतो, साहेबानं रजा दिली नाही तरी छळ म्हणतो. ट्रिब्युनलचा छळ म्हणजे जीव, शरीर, स्वातंत्र्य यांच्यावर गंभीर घाला. लहान लहान भेदभाव एकत्र होऊन तेवढा गंभीर होऊ शकतो हे मान्य आहे, पण ते एकत्र करून दाखवावं लागतं, "आम्हाला लई त्रास झाला" एवढ्यानं भागत नाही.

आणि ती पाच कारणं. पतसंस्थेत पैसे बुडाले, सावकार मागं लागलाय, चेक बाउन्सची केस आहे, मायक्रोफायनान्सवाले दारात येऊन बसतात, ही भीती खरी असली तरी पाचात बसत नाही. उलट कर्नाटकानं २०२५ मध्ये मायक्रोफायनान्सच्या जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला, तो पुढं ठेवून ट्रिब्युनल म्हणू शकतं की सरकार संरक्षण द्यायला उभं आहे. जातीबाहेर लग्न केलेलं जोडपं, नवऱ्याच्या मारहाणीतनं सुटलेली बाई, समलिंगी माणूस हे मात्र सामाजिक गटात येऊ शकतात. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये एचजे इराण या निकालात सांगितलं की छळाच्या भीतीनं समलिंगी माणसाला आयुष्यभर लपून राहावं लागत असेल तर "लपून राहा की" असं सांगून त्याला परत पाठवता येत नाही. पण भारतात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कलम ३७७ चा भाग २०१८ मध्ये गेला, त्यामुळं भारतातल्या माणसाला कायद्याची भीती सांगून उपयोग नाही, घरच्यांची, गावाची, पोलिसांच्या त्रासाची नेमकी भीती काय ते सांगावं लागतं. पाचात न बसणाऱ्या माणसालाही परत गेल्यावर मरण किंवा अमानुष वागणूक वाट्याला येणार असेल तर मानवी हक्कांच्या वेगळ्या कायद्याखाली दाद असते, ते वकिलाला मुद्दाम विचारा.

साधार भीती म्हणजे किती शक्यता, हे लोकांना सगळ्यात चुकीचं माहीत असतं. शंभर टक्के सिद्ध करावं लागतं असं वाटून पोरं खोटे कागद विकत घेतात. तसं नाहीये. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं १९८७ मध्ये कार्डोझा-फोन्सेका केसमध्ये सांगितलं की दहात एक इतकी शक्यताही साधार भीतीला पुरू शकते. ऑस्ट्रेलियात १९८९ च्या चान निकालापासून 'खरी शक्यता' हा निकष आहे, पन्नास टक्क्यांच्या बरीच खाली असली तरी चालते. कॅनडातही तसंच, अर्ध्याहून जास्त शक्यता लागत नाही. ब्रिटनमध्ये थोडं अवघड झालंय, २८ जून २०२२ पासूनच्या अर्जांना दोन पायऱ्या आहेत. पहिली, तुम्ही म्हणता त्या गटातले आहात आणि तुम्हाला मनातनं खरंच भीती आहे, हे 'नसण्यापेक्षा असण्याची शक्यता जास्त' या मापानं दाखवायचं. दुसरी, परत गेल्यावर धोका आहे का, तिथं जुनंच सौम्य माप. मागं छळ झालेला सिद्ध झाला तर तो पुढच्या धोक्याचा मोठा पुरावा धरतात, अमेरिकेत तर पुढचा धोका नाही हे दाखवायची जबाबदारीच सरकारवर जाते.

आता विश्वासार्हता. नव्वद टक्के भांडण इथंच असतं असं माझं वाचून झालेलं मत. माणूस खरं बोलतोय का, हे चेहऱ्यावरून ठरवू नये असं जाणते न्यायाधीशही सांगतात. ते बघतात की सांगण्यात तपशील किती आहे, अर्ज, मुलाखत आणि सुनावणी यांत मेळ आहे का, आणि त्या देशाबद्दलच्या अहवालांशी ते जुळतं का. कॅनडात १९७९ च्या माल्डोनाडो निकालापासून शपथेवर सांगितलेलं खरं धरूनच चालायचं असतं, शंकेला काही कारण नसेल तोवर. ते कारण आपण आपल्या बोलण्यातनंच देतो, आणि त्यातलं निम्मं भाषेचं असतं.

तारखा बघा. आपल्या आईला विचारा कधी झालं, ती म्हणेल बेंदराच्या दुसऱ्या दिवशी, किंवा ऊस तोडणीला आला होता तेव्हा, किंवा सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेहून आलो त्या रात्री. ही खरी आठवण आहे, खोटं बोलणाऱ्याला असलं सुचत नाही, पण पोरगं तिकडं अंदाजानं '१५ जून' सांगतं आणि आई प्रतिज्ञापत्रात दुसरीच तारीख लिहिते. त्या वर्षीचं कालनिर्णय काढा, भिंतीवर नसेल तर कुणाकडं तरी जुनं असतं, त्यावर दुधाचा हिशोब लिहिलेला असतो, सण बघा, वार बघा, आणि मगच तारीख लिहा. नक्की नसेल तर लिहायचं, 'बेंदराच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे अमुक तारखेच्या आसपास'. आसपास म्हटलेलं चालतं, छातीठोक चुकीची तारीख चालत नाही.

नाती बघा. आपण चुलतभावाला भाऊ म्हणतो, मावसभावाला भाऊ म्हणतो, गल्लीतल्या पोरालाही भाऊ म्हणतो. मुलाखतीत 'माझ्या भावानं पळायला मदत केली' असं गेलं आणि कुटुंबाच्या फॉर्मवर भाऊच नाही, की झालं. पहिल्याच वेळी सांगायचं, आईच्या बहिणीचा मुलगा. 'परवा' हा शब्द तर वापरूच नका, आपल्यात तो होऊन गेलेला परवाही असतो आणि येणारा परवाही असतो. 'मारलं' म्हटलं की कुणी मेलं का फक्त मार बसला हे स्पष्ट करा. दुभाषा मराठीचाच मागा, अर्जावरच लिहा की भाषा मराठी, हिंदी नको, आणि आपली मराठी बेळगावी आहे, मधे कन्नड शब्द येतात हेही सांगा. मुंबई-पुण्याचा दुभाषा आपलं बोलणं ऐकून गोंधळू शकतो. न समजता मान हलवायची नाही, मान हलवली की 'हो' लिहिलं जातं.

नावाचं एक आपल्याच भागाचं दुखणं आहे. शाळा सोडल्याचा दाखला मराठीत, त्यावर बेळगाव. पासपोर्ट जुना, त्यावर इंग्रजीत बेलगाम. १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या सरकारी कागदावर बेळगावी. रेशनकार्ड कन्नडात, त्यात बापाचं नाव आधी, आडनाव गायब, पांडुरंगचा पांडू झालेला. परदेशातल्या न्यायाधीशाला हे तीन गावं आणि दोन माणसं वाटू शकतात. एक अर्ध्या पानाचं निवेदन जोडा, की शहराचं नाव सरकारनं कधी बदललं, कुठल्या कागदावर कुठलं स्पेलिंग आहे आणि का. मी हे सगळ्यांना करून देतो, दहा मिनिटांचं काम आहे आणि एक शंका कायमची मिटते.

कागदांबद्दल. ब्रिटनमध्ये २००२ च्या तन्वीर अहमद निकालापासून असं आहे की कागद खोटा आहे हे सरकारनं सिद्ध करायची गरज नसते, कागदावर विसंबता येतं हे अर्जदारानं दाखवायचं असतं, आणि तो कागद बाकी सगळ्या पुराव्यासोबत तोलला जातो. म्हणून नुसती झेरॉक्स पाठवून काम होत नाही, तो कुणी, कधी, कुठल्या ऑफिसातनं आणला, कुरिअरनं कसा गेला हेही लिहा, पाकीटसुद्धा जपून ठेवायला सांगा. एफआयआर असेल तर शिक्क्याची नक्कल काढा. पोलिसांनी तक्रार घेतली नाही आणि नुसतं एंडॉर्समेंट म्हणजे लेखी शेरा दिला, ज्याला कन्नडात हिंबरह म्हणतात, तर तो कागद फेकू नका, पोलिसांनी काय केलं नाही याचाच तो पुरावा आहे. दवाखान्याच्या कागदावर एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केसचा, नंबर आहे का बघा. अंगावर व्रण असतील तर तिकडच्या डॉक्टरकडनं इस्तंबूल प्रोटोकॉलच्या, म्हणजे छळाच्या खुणा तपासायच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या, पद्धतीनं अहवाल मिळू शकतो, त्यात व्रण सांगितलेल्या कारणाशी किती जुळतो हे ठरलेल्या शब्दांत लिहितात.

ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर 'सदर इसमाच्या जिवाला धोका आहे' असं एका ओळीचं पत्र आणू नका. अध्यक्षांना किंवा पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) ते कसं माहीत, स्वतः काय बघितलं, कधी बघितलं हे नसेल तर त्या पत्राला वजन नाही. शेजारच्या मावशींनी स्वतः डोळ्यांनी बघितलेलं चार वाक्यांत लिहून, आधारची प्रत जोडून दिलेलं याहून कितीतरी भारी.

आणि एजंट. मला याबद्दल मनापासून राग आहे. एजंट तयार स्टोरी देतो, पाठ करायला लावतो, एफआयआरसुद्धा छापून देतो. मी असा एक कागद बघितलाय, घटना ऑगस्ट २०२४ ची आणि कलमं लावलेली आयपीसीची, ३०७, ५०६. अरे, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यानंतरच्या घटनेला खुनाच्या प्रयत्नाचं कलम १०९ लागतं. भारताच्या केसेस बघणाऱ्या अधिकाऱ्याला हे पहिल्या नजरेत दिसतं. एक कागद खोटा निघाला की माणसाचं खरं सांगणंही त्यासोबत बुडतं, आणि अमेरिकेत जाणूनबुजून खोटा अर्ज ठरला तर तिथले पुढचे सगळे इमिग्रेशनचे दरवाजे कायमचे बंद होऊ शकतात. ज्याचा तो कागद होता त्या पोराची खरी हकीकत होती हो, साधी पण खरी, ती त्यानं सांगितलीच नाही.

पुढचा तुकडा संरक्षणाचा. भीती सरकारची नसून सासरच्यांची, जातीतल्या लोकांची, गावगुंडांची असेल तर ट्रिब्युनल विचारतं, पोलिसांकडं गेलात का? कॅनडात १९९३ च्या वॉर्ड निकालानं सांगितलंय की सरकार आपल्या नागरिकाला वाचवू शकतं असं धरूनच सुरुवात करायची, ते वाचवू शकत नाही हे तुम्ही ठोस पुराव्यानं दाखवायचं. भारताच्या बाबतीत हे जड जातं, कारण आपल्याकडं कोर्टं आहेत, पोलीस आहेत, २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात सुप्रीम कोर्टानं आंतरजातीय जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात खास सेल आणि सुरक्षित घरं करायला सांगितली. ट्रिब्युनल हा निकाल पुढं ठेवणारच. तुमचं उत्तर कागदावरच्या आदेशाबद्दल नको, तुमच्या तालुक्याबद्दल हवं. आम्ही अमुक तारखेला स्टेशनात गेलो, ठाणेदार म्हणाले घरी जाऊन मिटवा, त्याच संध्याकाळी आम्ही गेल्याची बातमी मुलीच्या मामाला कळली होती. आणि गेलाच नसाल तर का गेला नाहीत, हेही तितकंच खरं सांगा.

मग येतो तो प्रश्न ज्यावर भारतातल्या माणसांच्या केसेस सगळ्यात जास्त पडतात: दुसरीकडं का नाही गेलात? याला अंतर्गत स्थलांतर म्हणतात. देश एवढा मोठा, घटनेनं कुठंही राहायचा हक्क दिलेला, निपाणीत भीती असेल तर कोल्हापूर तासाभरावर आहे, नाहीतर पुणे, नाहीतर हैदराबाद. इथं ट्रिब्युनल दोन गोष्टी बघतं. एक, तिथं तुम्हाला शोधून काढण्याची समोरच्याची ताकद आणि इच्छा आहे का. दोन, तुमच्या परिस्थितीत तिथं जाऊन राहणं वाजवी आहे का, की ते अती खडतर होईल. नुसतं 'ते कुठंही शोधतील' याला किंमत नाही. काकूंच्या मुलाचं मी विचारलं तेव्हा कळलं की ही दोघं आधी कोल्हापुरात आठ महिने राहिली होती आणि तिथं सुनेचा भाऊ येऊन पोचला, मग पुण्यात गेली, तिथंही कुणीतरी आलं. हे मुलाखतीत एका ओळीत आलेलं! मी म्हटलं हीच तर केस आहे. कोल्हापुरात खोली कुणाची होती, भाडेकरार आहे का, पोलिसांत भाडेकरूची नोंद केली होती का, भाऊ कसा पोचला, त्याचा ट्रकचा धंदा कुठल्या कुठल्या गावात चालतो, घरमालकीण लिहून देईल का. भाडेकरू नोंदणीतनं, ओळखीच्या हवालदारातनं, बँकेतल्या नातेवाइकातनं माणूस कसा सापडतो हे तुम्ही दाखवाल तेव्हा ट्रिब्युनलला पटेल. भाषा, नोकरी, लहान मूल, आजारपण, एकटी बाई, हे सगळं वाजवीपणात मोजलं जातं, म्हणून तेही लिहायचं.

इथं सीमाभागाचं बोलतो, कारण हे मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. मराठी माणसावर इथं अन्याय होतोय, १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळला की केसेस पडतात, यावर असायलम मिळेल का? १९५६ पासूनचं हे दुखणं माझ्याही घरातलं आहे, माझे आजोबा सत्याग्रहात होते, तेव्हा मी हे हलकेपणानं सांगत नाही. राजकीय मत हे पाचातलं एक कारण आहे, बरोबर. पण मोर्चाची परवानगी नाकारणं, जमावबंदीची केस, कन्नडातनंच कागद मिळणं याला ट्रिब्युनल भेदभाव म्हणेल, छळाच्या पातळीला पोचलं असं सहसा म्हणणार नाही. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, म्हणजे दाद मागायचा रस्ता उघडा आहे असंही म्हणेल. आणि मग तोच प्रश्न, कोल्हापुरात मराठी बोलल्याबद्दल तुम्हाला कोण काय करणार आहे? याचं उत्तर आपल्याकडं नाही. कोठडीत प्रत्यक्ष मारहाण झाली असेल, तिचे दवाखान्याचे कागद असतील, अजून कुणी शोधत असेल तर तो भाग त्या एका माणसाचा म्हणून सांगा. पूर्ण सीमाप्रश्न अर्जात घालून खरी मारहाण त्याच्याखाली गाडू नका.

भारताकडं बघायची त्यांची नजर कडक होत चाललीय हेही माहीत असू द्या. एप्रिल २०२५ मध्ये युरोपियन कमिशननं 'सुरक्षित देशांची' यादी सुचवली त्यात भारताचं नाव आहे. अशा यादीतल्या देशाच्या माणसाची केस झटपट चालवतात, आणि आपल्यापुरता धोका वेगळा का आहे हे त्यालाच दाखवावं लागतं.

उशीर आणि परत येणं, या दोन गोष्टी चांगल्या केसेस मारतात. अमेरिकेत पोचल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो, अपवाद आहेत पण थोडे. ब्रिटनमध्ये तशी मुदत नाही, तरी २००४ च्या कायद्यानं उशीर हा विश्वासार्हतेविरुद्ध धरता येतो. शिकायला जाऊन, व्हिसा संपल्यावर, पकडल्यावर अर्ज केला तर भीती खरी असूनही संशय येतो, मग उशीर का झाला ते आपणहून सांगावं लागतं. आणि गावच्या लक्ष्मी यात्रेला कृपा करून बोलावू नका. आपल्याकडं कित्येक वर्षांनी एकदा यात्रा येते, आई रडते, पोरगं अर्ज पेंडिंग असताना चार दिवस येऊन जातं, गुलालातले फोटो फेसबुकवर पडतात. ज्या गावात जीव जाईल म्हणून लिहून दिलंय त्याच गावातले फोटो. पासपोर्ट दूतावासातनं रिन्यू करण्याआधीही वकिलाला विचारा.

सुनावणीच्या दिवशी काय होतं, तर न्यायाधीश, सरकारी बाजूचा माणूस, तुमचा वकील, दुभाषा. आता पुष्कळ ठिकाणी व्हिडिओवर. लेखी निवेदन आधीच दिलेलं असतं, सरकारी बाजू त्यावर उलट प्रश्न विचारते. विचारलं तेवढंच सांगायचं, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचं, ते उत्तर आहे. दुभाषा नीट कळत नसेल तर पहिल्या पाच मिनिटांतच सांगायचं, संपल्यावर नाही. एक गोष्ट घरच्यांसाठी: ब्रिटनच्या केसमध्ये 'आईला व्हिडिओ कॉलवर घेऊ' असं सरळ करता येत नाही, परदेशातनं तोंडी साक्ष द्यायची तर त्या देशाची हरकत नाही हे आधी बघावं लागतं. लेखी निवेदनाला मात्र ही अडचण नाही. म्हणून आईचं निवेदन मराठीतच लिहा, तिच्या शब्दांत, वाचून दाखवा, अंगठा किंवा सही घ्या, आणि भाषांतर वेगळं जोडा, त्यावर भाषांतर करणाऱ्याचं नाव, सही, तारीख आणि 'मूळ कागदाप्रमाणे खरं भाषांतर' असं लिहिलेलं हवं. भाषांतर करणाऱ्यानं त्यात सुधारणा करायच्या नाहीत. मला लोक सांगतात, "जरा जोरदार लिहा की," मी लिहीत नाही.

नकाराचं पत्र आलं तर पाकिटावरची आणि पत्रावरची तारीख आधी लिहून ठेवा. ब्रिटनमध्ये अपिलाला १४ दिवस, ऑस्ट्रेलियात डिटेन्शनमध्ये नसलेल्यांना २८ दिवस, कॅनडात अपिलाची नोटीस द्यायला १५ दिवस. मग पत्र परिच्छेदागणिक वाचा, आणि प्रत्येक परिच्छेदासमोर लिहा, हे मान्य केलंय, हे नाकारलंय, नाकारायचं कारण काय दिलंय, आणि त्या कारणाला आपल्याकडं कुठला कागद किंवा कुठला माणूस आहे.

काकूंच्या मुलाचं आम्ही असंच केलं. 'शिक्षण' असलेल्या परिच्छेदासमोर त्याच्या वकिलानं मुलाखतीचं रेकॉर्डिंग मागवलं, तो तुकडा माझ्याकडं आला. पोरगं स्पष्ट म्हणतंय, "देवळासमोर शिक्षा दिली, पट्ट्यानं," आणि दुभाष्यानं पट्टा हा शब्द गाळूनच पुढचं वाक्य घेतलंय. मी एका पानावर त्याचं बोलणं जसंच्या तसं देवनागरीत लिहिलं, खाली तेच इंग्रजी अक्षरांत, त्याच्या खाली शब्दाशब्दाचा अर्थ, मराठी शब्दकोशातला 'शिक्षा' आणि हिंदी शब्दकोशातला 'शिक्षा' शेजारी शेजारी. दुसऱ्या पाकिटात कोल्हापूरच्या घरमालकिणीचं निवेदन, तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं, सुनेचा भाऊ कुठल्या दिवशी आला, दारात किती वेळ उभा होता आणि काय बोलला ते. दोन्ही पाकिटं शनिवारी कुरिअरला टाकली, पावतीचा फोटो काकूंच्या मोबाईलवर आहे. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे.